मारी भाषेतला 'ऊ': नव्याला एकच अक्षर

हा शब्द मराठी माणसाला शिकवायचा म्हटलं की आधी डोक्यातल्या उवा आड येतात. मी योश्कर-ओलात आले त्या पहिल्याच हिवाळ्यात हॉस्टेलच्या दाराशी बसणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ऊ मो?" माझा हात आपोआप वेणीकडे गेला. त्या जॅकेटबद्दल विचारत होत्या. "नवं का?" एवढंच. घरी फोनवर हे सांगितलं तर आई पाच मिनिटं हसत होती, आणि नंतर गंभीर होऊन म्हणाली, तरी एकदा बारीक फणी फिरव.

तर मारीत 'ऊ' म्हणजे नवा, नवी, नवं, नवे, नव्या, सगळं. आपली डोक्यातली ऊ ती वेगळी, तिला मारीत 'तीय' म्हणतात.

मारी ही रशियातली भाषा. मॉस्कोच्या पूर्वेला, व्होल्गा नदीकाठी मारी एल नावाचं प्रजासत्ताक आहे, योश्कर-ओला ही त्याची राजधानी. 'योश्कर' म्हणजे लाल, 'ओला' म्हणजे शहर. हे नाव शहराला 1927 साली मिळालं. 2010 च्या जनगणनेत रशियाभर साधारण साडेपाच लाख मारी लोक मोजले गेले. इथे मेडिकलला आपली मुलं बरीच आहेत. त्यातली बहुतेक रशियन शिकतात, परीक्षेपुरती, आणि मारीच्या वाटेला जात नाहीत. मीही गेले नसते. पण वॉर्डात खेड्यातल्या आज्या येतात, आणि दुखायला लागलं की त्या रशियन विसरतात.

आधी अक्षर ओळखा. मारी रशियन लिपीतच लिहितात, वर दोन-चार अक्षरं जादा. आपला 'ऊ' त्या लिपीत इंग्रजी वायसारखा दिसतो. त्यामुळे पाटीवर एकटा वाय दिसला की इंग्रजी शाळेत शिकलेली जीभ त्याला वाय म्हणते. तो वाय नाही, ऊ आहे. त्यावर दोन टिंबं दिसली तर मात्र तो हा शब्दच नव्हे, ते वेगळं अक्षर. ओठ ऊसारखे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं, म्हणजे ते जमतं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लोण्यापाशी लागणार आहे.

रशियन शिकलेल्याला वाटतं की नवा हा शब्द सोपा असणार. रशियनमध्ये तो 'नोव्ही', आपला 'नवा' आणि तो 'नोव्ही' लांबचे का होईना भाऊच. पण मारी त्या कुटुंबातली नाहीच. तिचं नातं फिनिश, एस्टोनियन, हंगेरियनशी. फिनिशमध्ये नवा म्हणजे 'ऊसी', हंगेरियनमध्ये 'ऊय', आणि एस्टोनियनमध्ये चक्क 'ऊस'. मारीने शेपूट पार कापून टाकली, नुसता ऊ उरला.

आता वापर. इथे आपल्याला एक मोठी सुटका आहे. मराठीत नवा शर्ट, नवी ओढणी, नवं घर, नव्या घरात, नवी घरं. शब्द दर वेळी कपडे बदलतो. रशियनमध्ये तर त्याहून वाईट. मारीत ऊ जागचा हलत नाही. घराला 'प्योर्त' म्हणतात (हा 'यो' मी नाइलाजाने लिहिते आहे, ओठ ओचे, जीभ एची).

ऊ प्योर्त म्हणजे नवं घर.
ऊ प्योर्त-व्लाक म्हणजे नवी घरं.
ऊ प्योर्तश्त्यो म्हणजे नव्या घरात.

जे काय लागायचं ते घराला लागतं. ऊ दाराबाहेर उभा असतो तसाच उभा. लिंग ही भानगडच नाही, त्यामुळे 'पुस्तक ते की ती' असा घोळ नाही: ऊ क्निगा, नवं पुस्तक, संपलं. कपड्यांना 'वूर्गेम' म्हणतात, अंगरख्याला 'तूवर'. ऊ वूर्गेम, ऊ तूवर. आणि शब्दात जिथे मी साधा 'अ' लिहिते आहे तिथे खरोखर आपला अ म्हणा. हा आवाज मारीत पदोपदी येतो आणि तो आपल्याला आईच्या पोटातून येतो. 'तूवर'मधला व उच्चारला की आका मान डोलावतात.

आका म्हणजे त्याच दाराशी बसणाऱ्या बाई. रशियनमध्ये त्यांच्या कामाला 'वाख्त्योर्शा' म्हणतात, दारावर किल्ल्या सांभाळणारी. मारीत थोरल्या बहिणीला 'आका' म्हणतात आणि आपण अक्का, त्यामुळे मला ती हाक मारायला काही शिकावं लागलं नाही. आधी मी त्यांना 'कोवा' म्हणजे आजी म्हणून पाहिलं होतं. तीन दिवस मला किल्ली उशिरा मिळाली.

वाक्याच्या शेवटी ऊ आणायचा तर तोही तसाच. 'तिदे' म्हणजे हा, ही, हे. 'तिदे प्योर्त ऊ': हे घर नवं. 'आहे'सारखं काही लागत नाही, बोलताना आपणही कुठे लावतो? नाही म्हणायचं असेल तर मागे 'ओगल' ठेवायचं: 'तिदे तूवर ऊ ओगल', हा अंगरखा नवा नाही. होता म्हणायला 'अले': 'ऊ अले', नवा होता. फार नवा असेल तर 'पेश ऊ', सगळ्यात नवा 'एन ऊ', नव्यासारखा 'ऊ गाय'. हो, गाय. तिचा गोठ्याशी संबंध नाही; गोठ्यातली गाय मारीत 'उश्काल'.

प्रश्न विचारायला वाक्याच्या शेवटी 'मो' लावायचा. 'मो' म्हणजे काय, आणि तोच शेवटी येऊन 'का' होतो. आपल्याकडचंच वाटावं असं. 'तिदे ऊ मो?' म्हणजे हे नवं का?

या 'मो'ने मला वॉर्डात तोंडघशी पाडलं, ते सांगते, कारण त्यात सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे.

चौथ्या वर्षी आम्हाला एका जिल्हा रुग्णालयात पाठवलं होतं. एक आजी होत्या, रक्तदाबाच्या. त्यांची रोजची गोळी संपली होती, म्हणून डॉक्टरांनी तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. आधीची पांढरी होती, ही फिकट गुलाबी. मी ट्रे घेऊन गेले. आजींनी गोळी तळहातावर घेतली, खिडकीकडे धरली, उलटी केली, आणि मला विचारलं, "तिदे ऊ एम मो?" 'एम' म्हणजे औषध. हे नवं औषध का?

मला कोण आनंद झाला! अख्खं वाक्य कळलं होतं. मी उत्साहाने म्हणाले, "ऊ..." आणि 'हो' म्हणायला तोंडात रशियन 'दा' आला. "ऊ, दा."

आजींनी गोळी ट्रेमध्ये परत ठेवली. पाण्याचा पेलाही ठेवला. हात मागे घेऊन पदराखाली... म्हणजे शालीखाली घातले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी काही तरी भयंकर कबूल केलं असावं. तसंच होतं. मारीत 'उदा' म्हणजे वाईट. आजींनी विचारलं औषध नवं का, आणि पांढरा कोट घातलेल्या मुलीने हसत हसत सांगितलं, वाईट आहे.

नर्स मारी होती. ती भिंतीला टेकून हसत राहिली आणि मग आजींना समजावून गोळी दिली. मला म्हणाली, 'दा' म्हणू नकोस, 'तुगे' म्हण. 'तुगे' म्हणजे तसंच, हो. 'तुगे, ऊ एम.' आधी तुगे, मग ऊ, आणि ऊच्या मागे लगेच ज्याबद्दल बोलतो आहोत ती वस्तू. ऊला उघड्यावर एकटं सोडायचं नाही. एका अक्षराचा शब्द आहे, मागून जे येईल ते त्याला गिळतं.

हाच धडा आणखी दोन ठिकाणी कामाला येतो.

एक, जागा आणि बातमी. 'वेर' म्हणजे जागा. 'ऊ वेर' म्हणजे नवी जागा. हेच जोडून 'उवेर' म्हटलं की बातमी. लिहिताना मधली मोकळी जागा विसरलात तर तुम्ही नव्या जागेचा पत्ता पाठवायच्या ऐवजी नुसतंच 'बातमी' लिहून पाठवता. बोलताना ऊ किंचित लांबवायचा, मग क्षणभर दम, मग वेर. आणि खरोखर बातमी विचारायची असेल तर हे वाक्य पाठ करा: 'मोगाय ऊ उवेर उलो?' मोगाय म्हणजे कसली, उलो म्हणजे आहे. काय नवी खबर? चार शब्दांत ऊच ऊ. आका म्हणतात, हे वाक्य अडखळल्याशिवाय म्हणेल त्याला मी किल्ली आधी देईन. अजून मला मिळालेली नाही. बातमी नसेल तर उत्तर 'उके', नाही. तेही ऊनेच सुरू. सुरुवातीला मला वाटायचं ही सगळी नव्याचीच पिल्लं आहेत. नाहीत. उलो, उके, उदा, उश्काल यांचं नव्याशी काही देणंघेणं नाही, नुसता पहिला आवाज सारखा.

दोन, लोणी. नव्या वर्षाला 'ऊ ईय' म्हणतात, ईय म्हणजे वर्ष. ते घाईत एका दमात म्हटलं की ते 'युय'च्या जवळ जातं, आणि ते दोन टिंबांचं युय म्हणजे लोणी किंवा तेल. मी आल्यावर पहिल्या 31 डिसेंबरला हॉस्टेलभर 'लोण्याच्या शुभेच्छा' वाटल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. बहुतेकांना वाटलं ही आमच्याकडची पद्धत असेल.

नीट म्हणायचं ते असं: ऊ, थांबा, ईय देने. 'देने' म्हणजे सोबत, सह. 'ऊ ईय देने!' एवढं पुरतं. जरा थाट हवा असेल तर 'ऊ ईय देने सलामलेम', नव्या वर्षाचा सलाम करते. सलाम आपल्याला ओळखीचा आहेच, इथे तो भेटल्यावरही म्हणतात: 'सलाम लीयझे'. शुभेच्छा मिळाल्या की 'ताऊ' म्हणायचं, म्हणजे आभार. व्होल्गाच्या उजव्या तीरावर, कोझ्मोदेम्यान्स्कच्या बाजूला डोंगरी मारी बोलतात, तिथे हेच 'ऊ ई दोनो' होतं. वर्ष आखडलं, ऊ तोच.

आणि आता खरी गंमत. ईय म्हणजे वर्ष, तसाच ईय म्हणजे बर्फही. आकाशातून पडतो तो नाही, पाणी गोठून होतो तो. योश्कर-ओलाच्या मधून मालाया कोक्शागा नदी जाते. तिच्यावर पहिला पापुद्रा धरतो तेव्हा आम्ही पुलावरून बघत उभे राहतो. कडेला पांढरट, मध्ये अजून काळं पाणी, आणि कोणी खडा टाकला तर तो तारेसारखा टिणकत लांब जातो. तो ताजा बर्फ म्हणजे 'ऊ ईय'. महिन्याभराने वर्ष येतं तेही 'ऊ ईय'. कोणता ते बोलणाऱ्याचं तोंड कुठे आहे त्यावरून ओळखायचं, नदीकडे की कॅलेंडरकडे. आकाशातून पडणारा बर्फ तो 'लूम'. सकाळी खिडकी उघडून 'ऊ लूम' म्हटलंत तर आका बर्फ ओढायचं फावडं घेऊन बाहेर पडायच्या तयारीतच असतात.

सणांमध्ये ऊ कुठे सापडतो ते थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे तो थोडासा रूप बदलायला लावतो, स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं. भाकरीला, पावाला 'किन्दे' म्हणतात. नव्या पिकाच्या पहिल्या पावाचा सण आहे, त्याचं नाव 'उगिन्दे पायरेम'. ऊ आणि किन्दे जोडले, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला क मऊ होऊन ग झाला. पायरेम म्हणजे सण. आपण नवान्न म्हणतो तसंच हे, नवं आणि अन्न घट्ट चिकटलेलं. म्हणजे सणाचं नाव घेताना 'उगिन्दे', आणि टेबलावरचा आज आणलेला पाव दाखवताना 'ऊ किन्दे'. मी उलटं केलं तरी लोकांना कळतं, पण एकदा बरोबर म्हटल्यावर बाजारातल्या बाईने वजनात दोन बटाटे जास्त टाकले. बटाटा 'पारेंगे'. तो उन्हाळ्यात कोवळा निघतो तेव्हा 'ऊ पारेंगे' म्हणून मागायचा. साल नखाने निघते.

दुसरा सण हिवाळ्यातला, 'शोरिकयोल'. शोरिक म्हणजे मेंढी, योल म्हणजे पाय. मेंढीचा पाय! जुन्या रिवाजाप्रमाणे दक्षिणायन संपल्यानंतर नवा चंद्र दिसला की हा सुरू व्हायचा. हा नवा चंद्र म्हणजे 'ऊ तल्झे', आपण अमावास्या म्हणतो ती नव्हे, तर त्यानंतर दिसणारी कोर. तल्झे म्हणजे चंद्र आणि तल्झे म्हणजे महिनाही, तेव्हा 'ऊ तल्झे' नवा महिनाही होतो. शोरिकयोलला पोरंपोरी गोठ्यात शिरून मेंढ्यांचे पाय ओढायची, येत्या वर्षी कोकरं भरपूर होवोत म्हणून. मुली अंधारात हाताला लागलेल्या मेंढीवरून नवरा कसा मिळेल त्याचा अंदाज बांधायच्या. मुखवटे घालून वास्ली म्हातारा आणि वास्ली म्हातारी घरोघर फिरतात.

गावांच्या नावात ऊ आला की तो कायमचा. योश्कर-ओलाच्या ईशान्येला एक गाव आहे, बसच्या काचेवर रशियनमध्ये 'नोव्ही तोर्याल' लिहिलेलं असतं. मारी लोक त्याला 'ऊ तोर्याल' म्हणतात. आका तिकडच्या. जवळच जुनं तोर्यालही आहे, 'तोश्तो तोर्याल'. मासिकांच्या नावातही: मारी साहित्याचं एक मासिक 1926 साली निघालं ते 'ऊ वी' या नावाने, म्हणजे नवी ताकद. नंतर त्याचं नाव 'ओन्चको' झालं, म्हणजे 'पुढे'.

तोश्तो आलाच आहे तर नव्याच्या उलट काय हे नीट लक्षात घ्या. रशियनमध्ये जुना आणि म्हातारा एकच शब्द. इंग्रजीतही. आपल्याकडे दोन, आणि मारीतही दोन. वस्तू जुनी असेल तर 'तोश्तो', माणूस म्हातारा असेल तर 'शोंगो'. म्हणून वस्तू ऊ आणि तोश्तो. माणूस सामरक (तरुण) आणि शोंगो. 'ऊ येंग' म्हणता येतं, पण त्याचा अर्थ नवीन आलेला माणूस, वयाने कितीही असो. आमच्या मजल्यावर पन्नाशीचे एक प्लंबर आले तेव्हा ते 'ऊ येंग' होते. इथे मराठी डोक्याने विचार करा, रशियन डोक्याने नको, चूक होणार नाही. पूर्वजांना मात्र 'तोश्तो मारी' म्हणतात, जुने मारी. त्यांच्या म्हणींना 'तोश्तो मारी ओय'.

रशियात 13 जानेवारीच्या रात्री आणखी एक नवं वर्ष करतात, जुन्या पंचांगाप्रमाणे, कारण ते 13 दिवस मागे आहे. रशियनमध्ये त्याचं नावच जुनं नवं वर्ष. मारीत करायचं तर 'तोश्तो ऊ ईय'. याचा विचार फार करू नये. खायला मिळतं, तीन थरांचं 'कोमानमेल्ना' असतं, एकावर एक थापलेल्या घावनासारखं, गरम असतानाच लोणी. तेच, दोन टिंबांचं.

शेवटी 'पुन्हा'. आपण नव्याने म्हणतो, नवा पासून. मारीतही तसंच, ऊपासून 'ऊएश' होतो, नव्याने, परत. क्रियापदही आहे, 'ऊएम्दाश', नवं करणं. रोजच्या बोलण्यात मी जास्त वापरते तो 'उगचन', पुन्हा एकदा. लक्षात ठेवायला मी आपला 'उगीचच' वापरते. समोरचा भराभर बोलला आणि काही कळलं नाही तर 'उगचन कालासझा' म्हणायचं, पुन्हा सांगा. शेवटचं 'झा' आदराचं आहे, ते गाळू नका. मैत्रिणीला नुसतं 'कालासे' चालतं.

त्या रक्तदाबवाल्या आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटल्या. मी ट्रे पुढे केला आणि न विचारताच म्हणाले, "तोश्तो एम." कालचंच, आता जुनं झालं. त्यांनी गोळी खिडकीकडे धरली, उलटी केली, आणि घेतली.